ताम्हण: फुलाआधीचं लाकूड

महाराष्ट्राचं राज्यफूल ताम्हण, हे शाळकरी मुलंही सांगतात. एक मेच्या आसपास हे झाड ऐन बहरात असतं आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत त्याचं नाव शेकरू आणि हरियालच्या रांगेत पाठ केलं जातं. दीडशे वर्षांपूर्वी मात्र या झाडाची चौकशी करणारी माणसं वेगळी होती: चितगावचा नावा बांधणारा सुतार, सिल्हेटचा लाकूड-व्यापारी, तोफगाड्यांसाठी लाकूड पारखणारा लष्करी अधिकारी. बंगालमध्ये याला जारूळ म्हणतात, ब्रह्मदेशात पिनमा. या माणसांना त्याच्या जांभळ्या तुऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हवी होती सालीखालची ती लालसर, चिवट, पाण्याला न भिणारी फळी.

झाड पाणथळीचं. नदीचा काठ, ओढ्याची कड, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारी सखल जमीन ही त्याची हक्काची जागा. कोकणातल्या आणि मलबारातल्या नद्यांपासून आसाम, बंगाल, ब्रह्मदेश ओलांडून थेट फिलिपिन्सपर्यंत ते रानोमाळ वाढतं. हिवाळा सरताना त्याची मोठी पानं तांबूस होऊन गळतात, चैत्रात नवी पालवी येते आणि फांद्यांच्या टोकांना उभे तुरे लागतात. फुलाच्या पाकळ्या सहसा सहा, चुरगळलेल्या रेशमासारख्या, मधोमध पिवळ्या केसरांचा झुपका. उमलताना रंग गडद जांभळा-गुलाबी असतो, मग दिवसागणिक फिका पडत जातो, म्हणून एकाच तुऱ्यावर तीन-चार छटा दिसतात. मागाहून धरणारी फळं गोल आणि लाकडासारखी कडक असतात. वाळली की उकलतात आणि पंख असलेल्या हलक्या बिया वाऱ्यावर सोडून देतात. ताम्हणाचं कुळ मेंदीचं. धायटी, डाळिंब आणि तळ्यातला शिंगाडा हेही वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात याच कुळातले. सह्याद्रीतला नाणा आणि पानझडी रानातला बोंडारा तर त्याचे सख्खे भाऊ. ते डोंगरउतारावर राहिले, ताम्हण पाण्याजवळ उतरलं.

या झाडाचं पहिलं सविस्तर छापील वर्णन झालं त्यात गोव्याकडच्या माणसांचा हात होता, आणि मराठी वाचकाला हे ठाऊक असायला हवं. सतराव्या शतकात कोचीनला डच ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार होता आणि हेन्ड्रिक व्हान ऱ्हीडे हा तिथला मुख्य अधिकारी. मलबारातल्या झाडाझुडपांची चित्रं आणि औषधी उपयोग यांचा संग्रह करायचं त्याने मनावर घेतलं. ‘हॉर्टस मलबारिकस’ या नावाने तो ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला १२ खंडांत छापला गेला. त्यात ७०० हून अधिक वनस्पती आहेत. माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा एळवा समाजातला वैद्य होता, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते. गोव्याहून दक्षिणेत जाऊन वसलेल्या कोकणी समाजातली ही मंडळी. आपण दिलेली माहिती खरी आहे, अशी ग्वाही या तिघांनी १६७५ साली कोकणी भाषेत, नागरी लिपीत लिहून दिली आणि ती पहिल्या खंडात तशीच्या तशी उमटली. युरोपात छापलेल्या सर्वांत जुन्या नागरी मजकुरांत तिची गणना होते. याच ग्रंथाच्या चौथ्या खंडात ‘आदंबो’ नावाने जे झाड येतं, ते म्हणजे ताम्हण.

पुढच्या शतकात युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला नावं द्यायला सुरुवात केली आणि ती पुन्हा पुन्हा बदलली. ताम्हण आज ज्या प्रजातीत मोडतं, तिला लिनियसने १७५९ साली स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक माग्नुस फॉन लागरस्ट्रॉम याचं नाव दिलं. पूर्वेकडून येणाऱ्या जहाजांवरचे वनस्पतींचे नमुने हा लागरस्ट्रॉम लिनियसला मिळवून देत असे, त्याची ही परतफेड. ताम्हण मात्र त्या वेळी या नावाखाली आलं नाही. १७७० साली लिनियसने त्याला ‘मुंचाउसिया’ म्हटलं, ओटो फॉन म्युंचहाउसेन या जर्मन अभ्यासकावरून. १८०६ मध्ये पर्सून या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते लागरस्ट्रॉमच्या गटात आणलं आणि तेव्हापासून शास्त्रीय ग्रंथांत ते ‘लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा’ म्हणून नांदतं आहे. दरम्यान कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग याने कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या आपल्या भव्य ग्रंथात त्याचं चित्र घातलं. ही चित्रं भारतीय चित्रकारांनी काढलेली होती. त्यांची नावं मुखपृष्ठावर आली नाहीत, पण त्यांच्या रेषा अजून बोलतात.

नावांचा हा व्यवहार लंडन-लायडनच्या ग्रंथालयांत चालला होता तेव्हा झाडाचा खरा बाजार पूर्व बंगालच्या नद्यांवर भरत होता.

तो मुलूख समजून घ्यायला हवा. मेघना, सुरमा, कर्णफुली आणि त्यांच्या शेकडो उपनद्या, आणि पावसाळ्यात समुद्रासारखे पसरणारे सिल्हेटचे ‘हाओर’. वर्षातले पाच-सहा महिने रस्ता म्हणजे पाणीच. भात नावेने, ताग नावेने, वऱ्हाड नावेने, प्रेत नावेने. गावागावाला नावा लागत, आणि त्या वर्षानुवर्षं पाण्यातच राहत. इतकं पाणी सोसणारं लाकूड डोंगराच्या पायथ्याशी आणि नदीकाठी मुबलक उभं होतं. जेम्स सायक्स गॅम्बल या वनाधिकाऱ्याने १८८१ साली भारतीय लाकडांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात सिल्हेट, काछाड आणि चितगाव या भागांतलं सर्वांत मोलाचं लाकूड जारूळ असल्याचं आणि ब्रह्मदेशात सागवानाखालोखाल त्यालाच मान असल्याचं नोंदवलं आहे. जहाजं, होड्या, एकाच ओंडक्यातून कोरलेल्या डोंग्या, घरबांधणी, गाड्या अशी उपयोगांची यादी देऊन तो सांगतो की लष्कराचं आयुधखातं तोफगाड्यांच्या अनेक भागांसाठी हे लाकूड वापरतं. पाच वर्षं आधी, १८७६ साली, विल्यम हंटरने बंगालची जिल्हावार माहिती प्रसिद्ध केली, त्यातही चितगावच्या डोंगरी मुलखातल्या इमारती लाकडांत जारूळ आहे.

जारुळाचा एक गुण त्या काळच्या जाणकारांनी आवर्जून टिपला आहे. पाण्याखाली ते दीर्घकाळ टिकतं, पण जमिनीत पुरलं तर लवकर कुजतं. ऐकताना हे उलटं वाटतं; कारण मात्र सरळ आहे. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला ओलाव्याबरोबर हवाही लागते. पूर्ण पाण्यात बुडालेल्या फळीपर्यंत हवा पोचत नाही. ओल्या मातीत दोन्ही मिळतं, वर वाळवीही येते. म्हणून जारुळाचा खांब अंगणात रोवण्यापेक्षा त्याची फळी नावेच्या तळाला ठोकणं शहाणपणाचं होतं. हे ज्ञान कुठल्या प्रयोगशाळेतून आलेलं नव्हतं. पिढ्यानपिढ्या नावा बांधणाऱ्यांच्या हातात ते होतं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी विचारून घेतलं आणि छापलं.

नाव बांधायची बंगाली रीतही वेगळी. इंग्रजी गोदीत आधी जहाजाचा सांगाडा उभा करत आणि मग त्यावर फळ्या बसवत. पूर्व बंगालात आधी फळ्यांचंच कवच तयार होई. फळीच्या काठाला फळीचा काठ भिडवायचा, लोखंडी अणकुच्यांनी सांधा आवळायचा, असं करत पूर्ण कवच उभं राहिलं की आतून आधाराची लाकडं घालायची. बेसिल ग्रीनहिल या नौका-अभ्यासकाने तिथल्या नावांवर सविस्तर पुस्तक लिहिलं. ते १९७१ मध्ये, तो प्रदेश बांगलादेश होण्याच्या वर्षीच प्रसिद्ध झालं. या पद्धतीत नावेची सारी ताकद फळीवर असते. सांध्याला भेग गेली की काम संपलं. तेव्हा न चिरणारं, लवचीक आणि तरी घट्ट लाकूड हे तिथे चैन नव्हती, गरज होती.

हाच गुण तोफगाड्याला लागतो. तोफ डागली की तिचा सगळा धक्का मागे गाड्यावर येतो. ठिसूळ लाकूड दोन-चार बारांत फुटून जाईल. ईस्ट इंडिया कंपनीने १८०१ साली कोलकात्याजवळ काशीपूरला तोफगाडे बनवण्याची संस्था काढली आणि १८ मार्च १८०२ पासून तिथे उत्पादन सुरू झालं. तो दिवस भारतातले आयुध कारखाने आजही आपला स्थापना दिन म्हणून पाळतात. साम्राज्याचं लष्कर बैलांच्या आणि घोड्यांच्या मागे तोफा ओढत हिंदुस्थानभर फिरलं, त्यासाठी शिसम, साल, साग आणि जारूळ अशी अनेक झाडं पडली. पुढे लोखंड-पोलाद आलं आणि लाकडाची ही मागणी ओसरली. नदीकाठावरून एकदा तोडलेलं मोठं झाड मात्र मागणी ओसरली म्हणून परत येत नाही.

पश्चिम किनाऱ्यावर ताम्हणाला हे भाग्य म्हणा की दुर्भाग्य, तितक्या प्रमाणात लाभलं नाही. इथे सागाचं राज्य होतं. मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबाने बांधलेली जहाजं सागवानाची; जमशेटजी वाडियांच्या देखरेखीखाली १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या बंदरात तरंगते आहे. सागाची हाव किती टोकाला गेली, याची खूण रत्नागिरीत आहे. मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा कंपनीचा ब्रह्मी दरबाराशी सागवानाच्या तोडीवरून तंटा झाला, त्या निमित्ताने १८८५ मध्ये इंग्रजांनी उत्तर ब्रह्मदेश घेतला आणि थिबा राजाला कैद करून कोकणात आणून ठेवलं. १९१६ साली तो रत्नागिरीतच वारला. ज्या देशात पिनमा सागाच्या पाठोपाठ विकला जाई, तिथल्या राजाची अखेरची ३० वर्षं ताम्हणाच्या मुलखात गेली.

कोकणात ताम्हण ओढ्याकाठी एकेकटं, विखुरलेलं उभं असे. व्यापारी तोडीसाठी त्याची सलग रानं नव्हती. पण काठांवरचं जंगल म्हणून त्याच्या वाट्याला जे आलं ते कमी नव्हतं. अलेक्झांडर गिब्सन हा पेशाने डॉक्टर, पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा अधीक्षक, १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. दक्षिण कोकण हिंडून त्याने सरकारला बजावलं की डोंगर उघडे पडताहेत, झरे आटताहेत आणि नद्या नि खाड्या गाळाने भरत चालल्या आहेत. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा हा इशारा आहे. गिब्सनने निकोल डाल्झेलबरोबर १८६१ साली मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची यादी छापली. पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कूक यांनी १९०१ पासून या इलाख्याच्या वनस्पतींवर खंडामागून खंड काढले. आपल्याकडच्या नदीकाठी पूर्वी काय काय उभं होतं हे शोधायला आजही कूकच उघडावा लागतो.

पूर्वेकडे झालेला बदल अधिक कठोर होता. कर्णफुलीच्या काठी काप्ताईला १८७१ मध्ये ब्रह्मदेशातून आणलेल्या बियांपासून सागाची लागवड सुरू झाली. मिश्र जंगल काढायचं आणि सरळ रांगेत साग उभा करायचा, हे धोरण त्यानंतर शतकभर चाललं. त्याच काप्ताईला १९६२ मध्ये धरण पूर्ण झालं. पाकिस्तान सरकारला वीज हवी होती. सुमारे ६५५ चौरस किलोमीटर मुलूख पाण्याखाली गेला, एक लाखाच्या आसपास माणसं उठली, त्यांत बहुसंख्य चकमा होते, आणि चितगावच्या त्या डोंगरी जिल्ह्यातली ४० टक्क्यांच्या घरातली कसदार जमीन बुडाली. हजारो चकमा कुटुंबं सीमा ओलांडून भारतात आली. त्यांतली अनेक आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवली गेली. नदीचा काठ नावाची गोष्टच तिथे उरली नाही, आणि त्याबरोबर काठावरचं रान गेलं. बंगालीतला थोर कवी जीवनानंद दास बरिशालचा, म्हणजे नद्यांच्या जाळ्यातला. त्याच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रूपसी बांगला’ या संग्रहातल्या एका कवितेत आपल्या देशाची ओळख म्हणून झाडांची नावं येतात, त्यांत जारूळ आहे आणि पाणथळीत वाढणारा त्याचा सोबती हिजलही आहे. लाकूडतोड्यांच्या यादीत नसलेलं फूल कवीने पाहिलं, एवढं म्हणून भागत नाही. त्याने झाड आणि मुलूख एकत्र पाहिले.

दरम्यान, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागांच्या दुनियेत ताम्हणाला जागा मिळू लागली. गुस्ताव क्रुम्बिगल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ साली बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या पदरी आला आणि १९०८ मध्ये बंगळूरच्या लालबागेचा प्रमुख झाला. शहरात वर्षभर कुठलं ना कुठलं झाड फुललेलं असावं, अशा बेताने रस्त्यांकडेची झाडं निवडण्याचं श्रेय त्याला दिलं जातं. त्या मालिकेत ताम्हणही बसलं. कन्नडमध्ये त्याला होळे दासवाळ, म्हणजे नदीतली जास्वंद म्हणतात. मुंबईत हीच आवड वॉल्टर मिलार्ड यांची. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हे चिटणीस. पिवळ्या कंठाची चिमणी घेऊन आलेल्या छोट्या सालिम अलींना १९०८ साली ज्यांनी पक्ष्यांचं दार उघडून दिलं, ते हेच. सेंट झेविअर्स कॉलेजमधले स्विस जेझुइट प्राध्यापक एथेलबर्ट ब्लाटर आणि मिलार्ड यांनी मिळून भारतातल्या सुंदर झाडांवर पुस्तक लिहिलं. ते १९३७ मध्ये निघालं आणि त्यात ताम्हणाला मानाचं पान आहे. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर, वसाहतींच्या आवारांत हे झाड दिसू लागलं त्यामागे अशा हौशी आणि जाणत्या माणसांची कळकळ आहे. ती मोलाची आहे.

फिलिपिन्समध्ये त्याला बनाबा म्हणतात. तिथे पानांचा काढा लोक पूर्वापार पीत आले. १९४० साली फाउस्टिनो गार्सिया या तिथल्या संशोधकाने हा काढा रक्तातली साखर कमी करतो का, याचा शोधनिबंध प्रसिद्ध केला, आणि पुढे जपानी प्रयोगशाळांनी पानांतल्या कोरोसोलिक आम्लावर काम केलं. औषध म्हणून त्याची खात्रीलायक मोठी चाचणी झालेली नसताना आज बनाबाच्या गोळ्या जगभर विकल्या जातात. मधुमेहाच्या रुग्णाने त्यांच्या भरवशावर आपलं औषध सोडू नये.

महाराष्ट्राने ताम्हणाला राज्यफुलाचा मान दिला, ही निवड फार चांगली आहे. गुलमोहर मादागास्करचा, नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा. ताम्हण इथल्या मातीचं. २०२० साली राज्याने पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्ष घोषित केलं. खाडीच्या खाऱ्या चिखलात उभी राहणारी ही चिप्पीही मेंदीच्याच कुळातली, म्हणजे राज्याची दोन मानचिन्हं एका कुळातली आणि दोन्ही पाणथळीची. हा योग कुणी मुद्दाम साधलेला नाही, तरी त्याचा उपयोग करून घेता येईल. वर गोड्या पाण्याच्या काठी ताम्हण, खाली खाऱ्या पाण्यात चिप्पी, असा कोकणातल्या नदीचा पुरा काठ या दोन झाडांच्या आधाराने शिकवता येतो.

प्रत्यक्षात राज्यफूल म्हणून ताम्हणाची लागवड होते ती बहुधा रस्त्याच्या दुभाजकांत, सरकारी इमारतींच्या आवारांत आणि उद्यानांत. तिथे ते जगतं, पाणी घातलं तर फुलतंही. त्याची खरी गरज आहे ती जिथून ते हटवलं गेलं तिथे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडालं. त्यानंतर नागरिकांनी लावून धरलं आणि वाशिष्ठी नि शिव नदीतला गाळ काढण्याचं काम हाती घेण्यात आलं. गिब्सनने ज्या गाळाबद्दल लिहिलं, तोच हा गाळ. यंत्रांनी नदी खोल करणं हा उपायाचा अर्धा भाग झाला. काढलेला गाळ काठावरच रचला तर पुढच्या पावसात तो परत पात्रात येतो, आणि काठ धरून ठेवायला मुळं लागतात. पुराचं पाणी आठवडाभर बुंध्याशी थांबलं तरी न मरणारी, कोवळ्या गाळात रुजणारी आणि त्याच नदीकाठची मूळची अशी झाडं कोणती, हे शोधायला दूर जावं लागत नाही: ताम्हण, करंज, वाळुंज, जांभूळ, उंबर. ताम्हणाची फळं थंडीत वाळून उकलतात. त्या वेळी काठावरच्या जुन्या झाडाखालचं बी गोळा करून गावच्याच रोपवाटिकेत पेरलं आणि एक पावसाळा रोपं सांभाळली, तर दुसऱ्या पावसाळ्यात ती काठावर लावण्याजोगी होतात. ग्रामपंचायतींना हे काम मोठ्या निधीशिवाय करता येईल. सुरुवात गाळ काढलेल्या पट्ट्यांपासून करावी, कारण मोकळी, ओली, उघडी माती तिथेच मिळते आणि तशीच ठेवली तर दोन-तीन वर्षांत तिच्यावर रानमोडीचं तण माजतं.